शेवटून पहिला नंबर

मार्च सरत आला की इथले, अमेरिकेतल्या बफेलो शहरातले, हॉकीचे चाहते दोन गटांत फुटतात. एका गटाला वाटतं, आज रात्री सेबर्सनी, म्हणजे आमच्या संघानं, जिंकावं. दुसऱ्याला वाटतं, हरावं. दोघांच्याही अंगात तीच निळी-सोनेरी जर्सी. दुसरा गट फितूर नाही, हिशेबी आहे.

बर्फावरच्या हॉकीच्या या लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, 32 संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक संघ 80 हून जास्त सामने खेळतो आणि त्यातले 16 पुढे प्लेऑफला जातात. म्हणजे निम्म्यात आलं तरी पुरतं. बफेलो सेबर्सना 2011 नंतर 2025 पर्यंत तेही जमलं नाही. सलग 13 हंगाम कोरडे गेले, आणि 2024-25 चा चौदावाही तसाच गेला. त्या नोव्हेंबर-डिसेंबरात हा संघ ओळीनं 13 सामने विजयाविना राहिला, तिथंच खरं तर खेळ आटोपला होता. नंतर उरले ते उपचारापुरते सामने. तरी मी बघितले. संघ पुढे जाणार नाही हे पक्कं झालं की खेळाकडे नीट बघता येतं. कोण अजून पकच्या, म्हणजे चेंडूऐवजी असलेल्या रबरी चकतीच्या, मागे जीव टाकून पळतो आणि कोण नुसता बर्फावर फिरतो, ते लगेच दिसतं.

हरावं असं वाटणाऱ्यांचा हिशेब समजायला आपल्या आयपीएलपासून सुरुवात करू. तिथं लिलाव असतो, प्रत्येक संघाची थैली सारखी. 2025 साठी ती 120 कोटींची होती. इथं अठरा वर्षांच्या नव्या पोरांचा लिलाव होत नाही. संघ पाळीपाळीनं खेळाडू निवडतात, आणि पहिली पाळी दुबळ्यांची. खालून वर जायची सोय राहावी, तेच ते संघ वर्षानुवर्षं जिंकत राहू नयेत, हा उद्देश. शिवाय तळाच्या संघाला खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत. त्यामुळे एखाद्या वर्षी असामान्य पोरगा येणार असेल, तर मधे कुठंतरी लोंबकळण्यापेक्षा सपशेल तळ गाठलेला बरा, असं गणित कुणीही मांडील.

बफेलोनं ते मांडलं होतं. 2015 साली कॉनर मॅकडेव्हिड नावाचा पोरगा येणार होता आणि अख्ख्या उत्तर अमेरिकेला तो कोण होणार हे आधीच ठाऊक होतं. 26 मार्चला बफेलोत सेबर्स विरुद्ध अ‍ॅरिझोना असा सामना झाला. दोन्ही संघ तळाचे. जो हरेल तो शेवटच्या नंबराजवळ. सामना ओव्हरटाइममध्ये गेला, अ‍ॅरिझोनाच्या सॅम गॅग्नरनं गोल मारला, सेबर्स 4-3 असे हरले. आणि घरच्या प्रेक्षकांनी जल्लोष केला. स्वतःच्या मैदानात, तिकिटाचे पैसे मोजून, स्वतःच्या पराभवाचा. सेबर्सचे खेळाडू खाली मान घालून आत गेले आणि हे आम्हाला लागलं, असं काहींनी बोलूनही दाखवलं.

पुढची गोष्ट जास्त चांगली आहे. सेबर्स शेवटचे आले, ठरल्याप्रमाणे. पण मुद्दाम हरणाऱ्यांना चाप बसावा म्हणून पहिल्या पाळीसाठी सोडत असते. बफेलोची संधी 20 टक्के, सगळ्यांत जास्त. सोडत निघाली ती साडेअकरा टक्केवाल्या एडमंटनची. मॅकडेव्हिड तिकडं गेला. बफेलोला दुसऱ्या पाळीत जॅक आयकेल मिळाला, तोही मोठाच खेळाडू. सहा हंगाम तो इथं तळाशी खेळला, मान दुखावली, उपचार कोणता करायचा यावरून संघाशी बिनसलं आणि 2021 मध्ये त्याला लास व्हेगासला देऊन टाकलं. 2023 मध्ये त्यानं तिथं स्टॅनली कप, लीगच्या विजेत्याचा कप, उचलला. त्याआधी 2022 च्या मार्चमध्ये तो पाहुणा म्हणून बफेलोत खेळायला आला, तेव्हा त्याच्या स्टिकला पक लागला रे लागला की अख्खं स्टेडियम हुर्यो करत होतं.

ही गोष्ट मी आमच्या शाळेच्या ग्रुपवर सांगितली होती. आम्ही सगळे परभणी जिल्ह्यातले. निम्मे आता पुण्यात, काही बंगळुरूला, दोघंतिघं माझ्यासारखे बाहेर, आणि गावी राहिलेले चारपाच. तिथं जायकवाडीवरून जुंपली होती. दरवर्षी जुंपते. वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही, 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा हवा हा पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीचा आकडा खाली आणायचा की नाही, 2023 मध्ये सोडायला लावलेलं 8.6 टीएमसी मुळात पोचलं किती. त्यात पुण्यातल्या एका मित्रानं माझीच गोष्ट माझ्यावर उलटवली. म्हणाला, मराठवाड्याचंही बफेलोच आहे. तळाला राहिलं की पॅकेज मिळतं, म्हणून तळालाच राहायचं. तुमचे लोक आपल्याच पराभवावर टाळ्या पिटतात.

टाळ्यांचा इमोजीही टाकला होता त्यानं.

मला त्याचा राग आला नाही, कारण त्यात निम्मं खरं आहे. पण ते निम्मं कुणाला लागू पडतं ते त्यानं बघितलेलं नाही. 2015 मध्ये बफेलोत हरायचं कुणी ठरवलं? बर्फावरच्या पोरांनी नाही. ते त्या हंगामातही पकसमोर आडवे पडत होते, दात पाडून घेत होते; पुढच्या वर्षीचा करार त्यांना असाच मिळणार होता. ठरवलं वरच्या मजल्यावर. फेब्रुवारीत एक गोली, म्हणजे गोलरक्षक, योनास एनरोथ, डॅलसला दिला. मार्च उजाडताच दुसरा गोली, मिखाल नॉयविर्थ, न्यूयॉर्क आयलंडर्सना दिला. दोन्ही चांगले गोली काढून घेतल्यावर संघ कसा जिंकणार? हरण्याचा फायदा ज्यांना होणार होता ते काचेच्या केबिनमध्ये होते, आणि मार ज्यांना खायचा होता ते खाली.

मराठवाड्यातही मला हेच दोन मजले दिसतात. इथं संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा आमच्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात. शेतीची लाईट रात्रीची असली की माझा चुलतभाऊ त्या वेळी मोटारीजवळ जागाच असतो आणि मग त्याचा फोन येतो. “दादा, आजबी हरायलेत का?” असं विचारतो. हो म्हटलं की म्हणतो, “अन् तुमी तरी बघायलाव.” जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेवटाकडे आमचं रान आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं म्हणून पेपरात येतं, टेलच्या, म्हणजे शेवटच्या, चारीला पाणी येईलच असं नाही. म्हणून बोअर, म्हणून मोटार, म्हणून जागरण. या माणसानं तळाला राहायचं ठरवलंय असं पुण्यातल्या मित्रानं त्याच्या तोंडावर म्हणून दाखवावं.

टंचाईतून कमावणारे लोक आहेत, हेही खोटं नाही. टँकरच्या खेपा कागदावर कशा वाढतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अनुशेषावर निवडणूक लढवून पाच वर्षांनी पुन्हा त्याच अनुशेषावर मतं मागायला येणारेही सर्वपक्षीय आहेत. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या गाडीसमोर फोटो काढून घेणारे कोण होते आणि घागर घेऊन रांगेत कोण होतं, हे दोन वेगवेगळे लोक आहेत. मित्राचा आरोप पहिल्यांना शोभतो. तो दुसऱ्यांच्या माथी मारून मदतच बंद करा म्हणणं म्हणजे वरच्या मजल्यानं गोली विकले म्हणून खालच्या पोरांचा पगार कापण्यासारखं.

गावाकडच्या मित्रांनाही मात्र बफेलोची दुसरी बाजू ऐकवली पाहिजे, आणि ती त्यांना आवडत नाही. पहिली पाळी मिळाली म्हणजे संघ उभा राहतो असं नाही. बफेलोला नंतर दोनदा पहिली पाळी मिळाली, 2018 मध्ये रासमस डाहलीन आणि 2021 मध्ये ओवेन पॉवर. दोघंही खरे खेळाडू, आणि 2025 पर्यंत संघ तिथंच. कारण दर दोनतीन वर्षांनी प्रशिक्षक बदलला, पोरांना तयार व्हायला वेळ दिला नाही, शिकवायला जुनी खोडं ठेवली नाहीत. आमच्या वादात सगळा भर पाळीवर असतो. किती टीएमसी, किती कोटी, किती टक्के. पुढचं कुणी विचारत नाही. पैठणहून निघालेला डावा कालवा 208 किलोमीटरचा आहे. धरण 1976 पासून उभं आहे. कालव्याचं अस्तर, फुटलेल्या चाऱ्या, मोडलेली दारं यावर आमच्या ग्रुपवर एकदाही भांडण झालेलं मला आठवत नाही. वरून किती आलं याचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ आहे, धरणातून निघालेलं शेतात किती पोचलं याचा कुणालाच नाही.

आणि आयकेल? त्याच्यावर हुर्यो चालू होती तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं झालं, कारण आमच्या ग्रुपमधले निम्मे आयकेलच आहेत. लातूर पॅटर्न म्हणून आपण जे अभिमानानं सांगतो, तो पहिल्या पाळीचे खेळाडू घडवणारा कारखानाच की. दहावी-बारावीची पोरं तिथं घासून तयार होतात, डॉक्टर-इंजिनियर होतात आणि कप उचलतात पुण्यात, हैदराबादेत, नाहीतर माझ्यासारखे आणखी लांब. मी त्याला दोष देत नाही. मी परत येणार नाही हेही मला माहीत आहे, उगाच मातीचे उमाळे काढत नाही. पण एखाद्या भागाची प्रगती मोजताना तिथं किती घडले याबरोबर तिथं किती राहू शकले हेही मोजायला नको का?

उलटंही होतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2023 च्या आशियाई स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला आणि पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावला. तो सैन्यात भरती झाला, सियाचीनला राहून आला, आणि त्याच्या पायांतला वेग कळला तो सैन्यात. बीड जिल्ह्यात कुणाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

परदेशात सगळं चोख असतं असा माझा दावा नाही. तसला अनिवासी शहाणपणा मला सहन होत नाही. बफेलो स्वतःच एक मागं पडलेलं शहर आहे. 1950 मध्ये लोकसंख्या 5 लाख 80 हजार होती, 2020 मध्ये 2 लाख 78 हजार. पोलादाचे कारखाने गेले, माणसं गेली. तरी 2022 मध्ये इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या नव्या स्टेडियमला राज्य आणि काउंटी, म्हणजे जिल्हा, मिळून 85 कोटी डॉलर सरकारी पैसा मंजूर झाला. फुटबॉलचा संघ आणि सेबर्स, दोन्हींचे मालक एकच, आणि ते अब्जाधीश आहेत. मागास भागाच्या नावानं पैसा कुणाच्या खिशात जातो, हा प्रश्न इथंही तसाच आहे.

एक गोष्ट मात्र लीगनं शहाणपणानं केली. 2015 च्या तमाशानंतरही दुबळ्याला पहिली पाळी देण्याचं तत्त्व त्यांनी सोडलं नाही. बदलली ती सोडत. 2025 च्या सोडतीत तळाच्या संघाचं नाव निघण्याची संधी साडेअठरा टक्के होती. सोडत जिंकूनही दहा जागांपेक्षा जास्त वर सरकता येत नाही. पाच वर्षांत दोनदापेक्षा जास्त कुणाला ती जिंकता येत नाही. म्हणजे मदत ठेवली आणि मुद्दाम बुडण्यातला नफा कमी केला. आणि हे सगळं जमतं कारण रोज सकाळी गुणतक्ता छापून येतो, एकच तक्ता, सगळ्यांसाठी.

आमच्याकडे तक्ताच नाही. दांडेकर समितीनं 1984 मध्ये अख्ख्या राज्याचा अनुशेष मोजला, 3,186 कोटी. समतोल विकासावरच्या केळकर समितीचा अहवाल 2013 मध्ये आला आणि त्यावर चर्चा तेवढी झाली. 1994 मध्ये आलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत 2020 च्या एप्रिलमध्ये संपली. त्यामुळे पुण्यातला मित्र म्हणतो भरपूर दिलं, गावचा म्हणतो काहीच आलं नाही, आणि दोघंही ठणकावून बोलू शकतात.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की 15 ऑक्टोबरचा धरणाचा टक्का छापता तसाच प्रत्येक आवर्तनाला टेलच्या चारीचाही आकडा छापा. मित्राचं उत्तर आलं, मोजणार कोण? चुलतभाऊ एरवी ग्रुपवर फक्त सकाळचे नमस्कार टाकतो. त्यानं लिहिलं, “मी मोजतो की. वरून किती सोडलं तेवढं सांगायला लावा.”