मोज्याची शिवण आणि पाच पायऱ्या

आमच्या कन्येच्या शाळेची व्हॅन सकाळी 6.50 ला सोसायटीच्या फाटकाशी येते आणि बरोबर 6.45 ला तिच्या डाव्या मोज्याची शिवण करंगळीला टोचू लागते. या पाच मिनिटांसाठी आमच्या घरात पूर्वी एकच शास्त्र होते: "घाल मुकाट्याने." परंतु पत्नीने ढकलल्यामुळे मी एका पालक-कार्यशाळेला हजेरी लावली आणि तेव्हापासून मी सुधारलेला बाप आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी मुलांच्या भावना हाताळण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत, असे तेथे कळले. भावना ओळखावी, ती जवळीक साधण्याची संधी मानावी, समजून घेत ऐकावे, तिला नाव द्यायला मदत करावी आणि मर्यादा आखून मुलासोबतच तोडगा शोधावा. पाच मिनिटे आणि पाच पायऱ्या, हा हिशेब मला भलताच सोयीचा वाटला. गॉटमन यांच्या पायऱ्यांखाली कोणी व्हॅनवाले काका हॉर्न वाजवत उभे नसतात, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

मुलाशी बोलताना त्याच्या नजरेच्या उंचीवर यावे, असे बजावले असल्यामुळे दुसऱ्या दिवशी मी मोजाधारिणीसमोर उकिडवा बसलो. दोन्ही गुडघ्यांनी जाहीर निषेध नोंदवला.

"तुला राग आलाय का?" मी मध घोळवून विचारले.

"नाही."

"वाईट वाटतंय?"

"नाही."

"मग भीती?"

"बाबा, मला टोचतंय."

टोचणे ही भावना कार्यशाळेत मिळालेल्या भावनांच्या छापील तक्त्यात नव्हती. भावनेला शब्द दिला की मेंदूतील अमिग्डाला या भीती-रागासारख्या भावनांशी निगडित भागाची धावपळ कमी होते, हे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली स्कॅनच्या आधारे दाखवले. पण तो प्रयोग मोठ्या माणसांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून केलेला होता, पहाटे मोजा दाखवून नव्हे. मी तिसऱ्या पायरीवर ऐकत बसलो असतानाच खालून हॉर्न वाजला, मग दुसरा वाजला, आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाजात "घाल मुकाट्याने!" बाहेर पडले.

"झाली का रे तुझी कार्यशाळा?" पोळीला तूप लावता लावता आईने स्वयंपाकघरातून विचारले.

व्हॅन गेली. कन्येचा ओठ थरथरू लागला. नात्यात तडा गेला तर तो मोठ्यांनी सांधावा, हेही शिकवलेले होते, म्हणून मी पुन्हा गुडघे मोडले आणि म्हणालो, "मी ओरडलो, माझं चुकलं. आता या मोज्याचं काय करूया?" तिने नाक पुसले, मोजा हातात धरून क्षणभर पाहिला आणि म्हणाली, "उलटा घालू?" उलटा घातल्यावर शिवण बाहेर गेली, करंगळी आत सुखरूप राहिली आणि पाचवी पायरी, पहिल्या चार गाळून, आमच्या पायाखाली आली.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1953 साली 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली. मुलाला निर्दोष पालक लागत नाही, असा तिचा दिलासा आहे. त्यात बापाचीही सोय असावी, असे मानून मी स्कूटर काढली.

शाळेच्या फाटकावर वॉचमनने उशिराचे कारण विचारले. "बाबांना खूप मोठी भावना आली होती," कन्येने खुलासा केला.

त्याने वहीत काहीतरी लिहिले आणि काळजीने माझ्याकडे पाहिले. "आता बरं वाटतंय ना, साहेब?"