‘03 म्हणजे एक्झिट’ इथपर्यंत ठीक, पण 61 म्हणजे काय?

आरपीजी ही आयबीएमच्या संगणकांवरची प्रोग्रामिंग भाषा. तिच्या जुन्या जाणत्यांचं एक ठरलेलं म्हणणं आहे: डिस्प्ले फाइलच्या (म्हणजे प्रोग्रामच्या स्क्रीनच्या) इंडिकेटरना, त्या 01 ते 99 आकड्यांच्या ऑन-ऑफ खुणांना, नावं कशाला? 03 म्हणजे एक्झिट हे सगळ्यांना पाठ असतं, नावांनी प्रोग्राम जड होतो, डीडीएसमध्ये (जिथे स्क्रीनचं वर्णन लिहितात) आकडे लिहावे लागतातच, आणि नाव द्यायचंच तर ‘इंड40’ पुरे.

एफ3 ने बाहेर, एफ12 ने मागे हा संकेत आयबीएमच्या 1987 च्या सीयूए या स्क्रीन-रचनेच्या नियमावलीतला आहे, आणि तो कीचा आहे, इंडिकेटरचा नाही. डीडीएसमध्ये ‘सीए03(15)’ लिहा, एफ3 दाबल्यावर 15 ऑन होईल. बरं, 03 चं मान्य केलं. पण 61 चं काय? एका कंपनीत 61 म्हणजे सबफाइल (स्क्रीनवरची यादी) दाखवा, शेजारच्या कंपनीत तारीख चुकली. हे कुणाला पाठ असतं? ज्यानं लिहिलं त्याला, तेही पहिले सहा महिने.

प्रोग्राम जड होण्याची भीती निराधार आहे. डीडीएसमध्ये ‘इंडारा’ आणि फाइलच्या घोषणेत ‘इंडडीएस’ दिलं की 99 बाइटांच्या (दर इंडिकेटरला एक) डेटा स्ट्रक्चरमधल्या जागांना नावं मिळतात. नावं कंपायलरपुरती; चालताना बाइट तोच.

दुहेरी नोंदीची तक्रार मात्र खरी आहे. डीडीएसला नाव कळत नाही, आणि स्ट्रक्चरमध्ये 61 ऐवजी 62 लिहिलं तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. पण ही जुळणी एकाच जागी तपासायची असते, तीनशे ओळींत विखुरलेल्या आकड्यांत नाही. खरा खड्डा वेगळाच आहे, आणि त्यात मी स्वतः पडलोय. इंडडीएस दिल्यावर ती फाइल ‘*इन’ अ‍ॅरेला, म्हणजे आरपीजीतल्या आकडी इंडिकेटरांच्या मूळ संचाला, हात लावत नाही. मी नावं दिली, पण लूपच्या शेवटी जुनं ‘*इन03’ तसंच राहिलं. एफ3 दाबतोय, दाबतोय, स्क्रीन ढिम्म! शेवटी जॉब मारावा लागला.

राहिलं ‘इंड40’. हे नाव नव्हे, आकड्यालाच घातलेली टोपी. उद्या 40 चा 45 झाला की ते खोटंही ठरेल. ‘ग्राहकरिव्हर्स’ त्याहून बरं, पण तेही फसवं. डीडीएसमध्ये त्याच 40 वर ग्राहक क्रमांकाचा रकाना रिव्हर्स होतो (उलट्या रंगांत दिसतो), कर्सर तिथे जातो, खाली संदेशही उमटतो. उद्या कुणी रिव्हर्स काढून नुसती अधोरेखा मागितली तर बदल फक्त डीडीएसमध्ये व्हायला हवा. म्हणून मी नाव देतो ‘ग्राहकसापडलानाही’. रकाना उलटा दिसावा की अधोरेखित, ते प्रोग्रामनं कशाला ठरवायचं?