सोनचाफ्याचे युरोपातले हरवलेले नातलग

मॅग्नोलिया या सोनचाफ्याच्या गोतातल्या फुलझाडांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं मॅग्नोलिया प्रजाती (genus) '१० कोटी वर्षांपूर्वीची' हे वाक्य खटकलं. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये सापडलेलं तेवढं जुनं जीवाश्म आर्किअँथस या नामशेष वनस्पतीचं आहे. ते मॅग्नोलियाच्या कुळाजवळचं, पण खुद्द मॅग्नोलिया नव्हे. कुळ आणि प्रजाती यांत गल्लत व्हायला नको.

युरोपचा उल्लेख मात्र हवाच होता. आज तिथे मॅग्नोलिया फक्त लावलेला दिसतो. रानटी मॅग्नोलिया आशियात आणि अमेरिकेत. पण युरोपात त्याच्या जीवाश्म बिया मिळतात, म्हणजे एकेकाळी तो तिथलाच होता! हिमयुगांच्या थंडीत तो तिथून नाहीसा झाला. दक्षिणेकडे सरकायला आल्प्ससारख्या आडव्या पर्वतरांगांनी वाट दिली नाही, असं त्याचं कारण सांगतात. हे वाचलं की मला दर वेळी हळहळ वाटते.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या क्लार्किया या जीवाश्मांच्या ठिकाणाबद्दलही लिहा ना. तिथल्या तळ्याच्या गाळात मायोसीन काळातली (सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीची) पानं इतकी टिकली आहेत की १९९० साली मॅग्नोलियाच्या एका पानातून डीएनए मिळाल्याचा दावा झाला. पुढे त्यावर गंभीर शंका घेतल्या गेल्या. पण पानं खरी आहेत, शिरान्‌शिरा दिसणारी.

आणि हो, आपला सोनचाफाही आता मॅग्नोलियातच गणतात. पूर्वी तो मायकेलिया या वेगळ्या प्रजातीत होता.