हेड गॅस्केटच्या वॉरंटीबाबत आपल्या तक्रारीला उत्तर

सन्माननीय ग्राहक,

आपण आमच्या गोडोलीतील गॅरेजला ऑनलाइन अभिप्रायात एक तारा देऊन जे लिहिले आहे, ते मी जॉब कार्ड, म्हणजे गाडीवर केलेल्या कामाची नोंद, समोर ठेवून वाचले. जूनमध्ये 16,400 रुपये घेऊन बदललेले हेड गॅस्केट (इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधली सीलची पट्टी) सप्टेंबरमध्येच गेले, सहा महिन्यांची वॉरंटी असूनही आम्ही ती नाकारली, वर 23,800 रुपयांचे नवे एस्टिमेट हाती दिले आणि मुळात बसवलेले गॅस्केटच बनावट असावे, असे आपले म्हणणे आहे. फोनवर आमच्या माणसाने ‘घाटात गाडी तापवली तर आम्ही काय करणार’ असे उत्तर दिल्याचेही आपण लिहिले आहे. या शेवटच्या मुद्द्यावर वादच नाही. तसे उत्तर दिले गेले, ते चुकीचे होते आणि त्याबद्दल मी आपली माफी मागतो. गॅस्केट मात्र अस्सल होते. वितरकाचे बिल आणि होलोग्राम असलेले पाकीट आमच्याकडे आहे, ते आपण पाहू शकता.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. सप्टेंबरमध्ये आपण कुटुंबासह कासला निघाला होता. यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर बोनेटमधून वाफ आली आणि गाडीखाली हिरवे पाणी सांडलेले दिसले. आपण फाटलेल्या होसला, म्हणजे रेडिएटरच्या रबरी पाइपला, रुमाल व टेप गुंडाळून, साधे पाणी भरून गाडी पुढे कासपर्यंत नेली आणि त्याच अवस्थेत साताऱ्याला परत आणली. हे सारे आपण पहिल्या फोनवर स्वतः मोकळेपणाने सांगितले होते. पाऊस पडत होता, सोबत वृद्ध आई होती, त्यामुळे गाडी रस्त्यात सोडणे आपल्याला शक्य नव्हते, हे मला समजते. गाडी आमच्याकडे आली तेव्हा ऑईलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा थर होता, म्हणजे पाणी ऑईलमध्ये मिसळले होते. हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून पाहिले, तेव्हा दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या भागात 0.19 मिलिमीटर वाक निघाला. या इंजिनाला 0.05 मिलिमीटरपर्यंतच मुभा आहे. गॅस्केटही नेमके त्याच जागी जळालेले आहे.

आपण विचारले आहे की आधी गॅस्केट गेले आणि त्याच्या दाबाने होस फुटला, असे कशावरून नाही. प्रश्न रास्त आहे, कारण तसे खरोखरच घडते: गॅस्केट फुटले की सिलिंडरमधला दाब पाण्याच्या वाटेत शिरतो आणि सर्वात कमकुवत पाइप पहिला तुटतो. म्हणूनच तो जुना होस मी स्वतः कापून पाहिला. रेडिएटरच्या खालच्या टोकाला, क्लिपच्या अगदी लगत, बोटभर लांबीची चीर आहे. तिच्या आतल्या थराच्या कडा काळवंडून कडक झाल्या आहेत आणि बाहेरचा थर तेवढा ताजा फाटलेला आहे. बोटांत दाबला तर रबर कुरकुरते. ऑगस्टमध्ये गाडी ऑईल बदलायला आली होती, तेव्हा टाकीतले कुलंट (इंजिन थंड ठेवणारे ते हिरवे पाणी) खुणेवर होते आणि त्यात बुडबुडे नव्हते. गॅस्केट हळूहळू गळत असते तर कुलंट आधीपासून कमी होत गेले असते. यावरून माझे मत असे झाले आहे की आधी होस फाटला, कुलंट गेले आणि त्यानंतर हेड तापून वाकले. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे व ब्लॉक बिडाचा आहे, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे पाण्याविना थोडे अंतर चाललेले इंजिनही हेड वाकवू शकते.

तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलाच नव्हता, हे आपले म्हणणे आमच्या माणसाने खोटे ठरवले. मी ते खोटे मानत नाही. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच काटा भरवशाचा असतो. पाणी निघून गेले की तो नुसत्या वाफेत किंवा हवेत राहतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा मध्यावर किंवा त्याहून खाली दिसू शकतो. आपण जे पाहिले तेच आपण सांगितले.

आमची वॉरंटी जूनमध्ये बदललेल्या गॅस्केटवर आणि ते बसवण्याच्या कामावर होती. होस तेव्हा बदललाच नव्हता, त्यामुळे नियमाकडे पाहिले तर हा बिघाड वॉरंटीत बसत नाही, या मतावर मी आजही ठाम आहे. तरीही जूनचे जॉब कार्ड पुन्हा पाहताना मला जे आढळले, ते लपवणे मला पटत नाही. त्यावर आमच्या मेकॅनिकच्या हातचे लिहिलेले आहे: ‘खालचा होस कडक, बदलावा.’ त्याखाली आपल्या पुतण्याची सही आहे, कारण त्या दिवशी गाडी न्यायला तोच आला होता. ही सूचना बिलावर उतरली नाही, आपल्याला फोन करून कोणी सांगितले नाही आणि ऑगस्टमध्ये गाडी पुन्हा दारात आली तेव्हाही कोणाला आठवण झाली नाही. काही शे रुपयांचा होस होता. आपल्याला नीट सांगितले असते तर आपण तो तेव्हाच बदलून घेतला असता, असे मला वाटते. पुतण्याची सही दाखवून हात झटकणे योग्य होणार नाही. शिवाय वॉरंटीच्या अटी आमच्या बिलामागे बारीक अक्षरांत, त्याही इंग्रजीत छापलेल्या होत्या, ही आपली तक्रार पूर्ण खरी आहे. नवीन बिलपुस्तक मराठीत छापायला दिले आहे आणि पुढे करायच्या कामांची सूचना आता बिलाच्या दर्शनी बाजूलाच लिहिली जाईल.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. 23,800 रुपयांच्या एस्टिमेटमध्ये आमची मजुरी 8,500 रुपये आणि होस, थर्मोस्टॅट व कुलंटचे 2,600 रुपये आहेत. हे 11,100 रुपये आम्ही सोसू. उरलेले 12,700 रुपये, म्हणजे एमआयडीसीतल्या लेथवर हेडचे फेसिंग (वाकलेला पृष्ठभाग पुन्हा सपाट करणे) व व्हॉल्व्हचे काम 4,200, गॅस्केट सेट व हेड बोल्ट 6,300, ऑईल व फिल्टर 2,200, हे आपण द्यावेत. ही रक्कम ज्याची त्याला तशीच जाईल, तिच्यात आमचा नफा नसेल आणि सगळी मूळ बिले आपल्या हाती दिली जातील. नव्या कामावर पुन्हा सहा महिने किंवा 10,000 किलोमीटरची वॉरंटी राहील. गाडी नऊ दिवस पडून राहिली, त्यातले चार दिवस लेथवाल्याच्या रांगेत गेले. बाकीच्या दिवसांत आपल्याला रोज कळवायला हवे होते.

माझ्या निदानावर आपला विश्वास नसेल तर साताऱ्यातला आपल्या पसंतीचा कोणताही मेकॅनिक घेऊन या, तपासणीची त्याची फी मी देईन. त्याने गॅस्केटच आधी गेले असे सप्रमाण दाखवले, तर वॉरंटीप्रमाणे संपूर्ण काम मोफत होईल. आपण ग्राहक आयोगात जाण्याचेही लिहिले आहे. तो आपला हक्क आहे आणि त्याचा मला राग नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क लागत नाही आणि 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. आपण तिथे गेलात तर जॉब कार्डाची तीच प्रत, मेकॅनिकच्या त्या ओळीसह, मी आयोगापुढे ठेवीन.

हेड, जळालेले गॅस्केट आणि कापलेला होस आपल्या गाडीचा नंबर लावून बाजूला ठेवले आहेत. गाडी शेडमध्ये झाकून ठेवली आहे आणि तिचे कोणतेही भाडे लावलेले नाही. आपला निर्णय होईपर्यंत यातल्या कशालाही हात लावला जाणार नाही. सोमवार सोडून रोज सकाळी दहा ते सायंकाळी सातपर्यंत मी स्वतः गॅरेजमध्ये असतो. आपण आलात की तो होस आधी आपल्या हातात देईन.

आपला,
गॅरेजचा मालक