अठरा महिने माझ्या डाव्या हाताकडे कोणीही पाहिले नाही

‘डोके खाली ठेवा’ हे वाक्य यापुढे गोल्फच्या टी-बॉक्सवर, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारतात तिथे, मला कोणी ऐकवले, तर मी त्या माणसाबरोबर खेळणे बंद करणार आहे. गेले अठरा महिने मी हे वाक्य ऐकतो आहे. चेंडू उजवीकडे गेला की डोके वर आले, चेंडू सरपटत गेला की डोके वर आले, चेंडूच्या आधी जमिनीला क्लब, म्हणजे मारायची काठी, लागला तरी डोकेच वर आले. सोबत खेळणारे हे सांगतात, रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, शेजारच्या मॅटवर उभे असलेले अनोळखी गृहस्थ न विचारता हे सांगतात, आणि ज्यांना मी तासाचे पैसे मोजत होतो ते कोचही हेच सांगत होते. माझे डोके जागच्या जागी होते. मोबाइलवर चित्रित केलेल्या कितीतरी स्विंगमध्ये मी ते पुन्हा पुन्हा थांबवून पाहिले आहे. बिघाड मानेच्या वर नव्हता, मनगटाच्या खाली होता, आणि तिथे पाहण्याची तसदी एकानेही घेतली नाही.

मी उजव्या हाताने खेळतो आणि माझा ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबचा, फटका उजवीकडे वळत जातो. याला स्लाइस म्हणतात आणि हौशी गोल्फरांपैकी कितीतरी जण यानेच बेजार असतात, त्यामुळे हा काही दुर्मीळ आजार नव्हे की ज्याचे निदान व्हायला दीड वर्ष लागावे. पुण्यात मी जिथे खेळतो तिथे चौथ्या होलच्या उजव्या अंगाला हद्दीच्या पांढऱ्या खुंट्या आहेत. चेंडू त्यांच्यापलीकडे गेला की एक फटका दंड आणि पुन्हा त्याच टीवरून सुरुवात, म्हणजे हातात नवा चेंडू घेऊन आपण तिसरा फटका मारायला उभे राहतो. एका सकाळी मी त्या होलवर लागोपाठ तीन चेंडू घालवले. पण चेंडूंचे आणि गुणांचे दुःख एक वेळ सोसता येते. सातव्या होलवर माझा चेंडू वळून शेजारच्या फेअरवेवर, म्हणजे दुसऱ्या होलच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, गेला, मी घसा फोडून ‘फोर!’ हा सावधगिरीचा इशारा ओरडलो आणि आमचा आगेवाला, म्हणजे पुढे उभा राहून चेंडू कुठे पडतो ते पाहणारा माणूस, दोन्ही हात डोक्यावर धरून झाडाच्या बुंध्याशी खाली बसला. चेंडू त्याच्यापासून हातभर अंतरावर पडला. ४५ ग्रॅमचा तो टणक गोळा कपाळावर बसला असता तर काय झाले असते, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर मला उपदेश मिळाला तो डोके खाली ठेवण्याचा.

शेवटी ज्याने पाहिले तो एक कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस, होता. पाण्यासाठी थांबलो असताना मी हातमोजा काढून बॅगेवर टाकला, तो त्याने उचलला, उलटा केला आणि तळव्याच्या खालच्या बाजूला, करंगळीखालच्या मांसल भागावर पडलेल्या भोकात बोट घालून मला दाखवले. “साहेब, ग्लोव्ह इथे फाटतोय म्हणजे तुम्ही क्लब तळव्यात धरताय. बोटांत धरा.” एवढेच तो बोलला. त्या मोज्याआधीचे चार मोजे माझ्या कपाटात होते. घरी जाऊन पाहिले, तर चारही त्याच जागी फाटलेले होते. हे भोक माझ्या कोचने पाहिले नसेल हे मी मानायला तयार नाही, कारण मी मोजा चढवताना आणि उतरवताना तो दर वेळी माझ्यासमोर चार फुटांवर उभा असे. कॅडींच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणारे सभासद मी रोज पाहतो आणि मला त्यांचाही संताप येतो. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फर अली शेर हा दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणूनच वाढला होता, हे निदान गोल्फच्या कोर्सवर तरी लोकांनी विसरू नये.

क्लब तळव्यात धरला की काय होते, ते मला कोणी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. हँडल तळव्यात आडवे बसले की मनगट आखडते. ते नीट वाकत नाही, आणि खाली येताना डाव्या कोपरापुढचा हात वेळेवर फिरत नाही. त्यात अंगठा हँडलच्या अगदी मध्यावर सरळ ठेवला, की वरून पाहताना बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांपैकी, ज्यांना रेंजवर सगळे नकल म्हणतात, जेमतेम एकच दिसते. हीच ती वीक ग्रिप, म्हणजे कमकुवत पकड. अशा हातांनी क्लब चेंडूपाशी आणला, की फेस, म्हणजे चेंडूला लागणारा क्लबचा सपाट भाग, उघडा, म्हणजे उजवीकडे तोंड करून, राहतो. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढा टिकतो. त्या क्षणात कोणालाही काही सुधारता येत नाही, जे ठरायचे ते हातांच्या ठेवणीने आधीच ठरलेले असते. फेस तीन अंश उघडा असेल, तर नुसत्या दिशेच्या चुकीने २०० मीटरवर चेंडू सुमारे १० मीटर बाजूला जातो आणि पुढचे वळण त्यात आणखी भर घालते.

आणि या ग्रिपबद्दल मला काय शिकवले गेले? दोन पूर्ण तास उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर टेकवायची की तर्जनीत गुंतवायची, यावर गेले. हॅरी व्हार्डन करंगळी वर टेकवत असे आणि त्याने ब्रिटनची ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकली; जॅक निकलस आणि टायगर वुड्स ती गुंतवतात आणि त्यांनी जे जिंकले ते सर्वांना ठाऊक आहे. दोन्ही पद्धतींनी खेळ उत्तम होतो. स्लाइसचा या करंगळीशी काडीचाही संबंध नाही, आणि तरीही माझे दोन तासांचे पैसे त्या करंगळीवर खर्च झाले.

याहून चीड आणणारा सल्ला एका ज्येष्ठ सभासदांनी दिला. ग्रिप बेन होगनसारखी ठेवा, म्हणाले. होगन नऊ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकलेला, स्विंगच्या शुद्धतेसाठी आजही आदराने आठवला जाणारा खेळाडू होता, याबद्दल वाद नाही. पण होगनचे दुखणे माझ्या नेमके उलट होते. त्याचा चेंडू डावीकडे जोरात वळत असे, तो हुकने हैराण झाला होता, आणि फेस फार लवकर बंद होऊ नये म्हणून त्याने डावा हात हँडलवर डावीकडे सरकवून ग्रिप वीक केली. ज्याचा फेस आधीच बंद होत नाही अशा माणसाला हा उपाय सांगणे म्हणजे रक्तदाब कमी असलेल्याला रक्तदाब उतरवण्याची गोळी देण्यासारखे आहे. मी तीन महिने ती गोळी घेतली, आणि त्या तीन महिन्यांत माझा स्लाइस कधी नव्हे इतका वाढला.

आपल्याकडे याला क्रिकेटचीही जोड आहे, आणि आपल्याकडच्या कोचना तरी हे कळायला हवे. मी कॉलेज संपेपर्यंत क्रिकेट खेळलो. सरळ ड्राइव्ह मारताना डावे कोपर उंच ठेवायचे आणि बॅटचा फेस शक्य तितका वेळ गोलंदाजाकडे रोखून धरायचा, हे माझ्या हाडात मुरलेले आहे. बॅटचे पाते हँडलच्या सरळ रेषेत असते, म्हणून तिथे हे चालते. गोल्फ क्लबचे डोके शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या, एका बाजूला असते. क्लब मागे नेताना फेस उघडतो आणि खाली येताना हात फिरला तरच तो पुन्हा लक्ष्याकडे सरळ होतो. तिथे फेस रोखून धरणे म्हणजे तो उघडाच ठेवणे. महाराष्ट्रात गोल्फ सुरू करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लहानपणी बॅट धरलेली असते. मग पहिल्याच दिवशी ‘क्रिकेट खेळलात का?’ हा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

त्यानंतरचा सल्ला होता डावीकडे रोख धरून मारण्याचा. वरवर हे शहाणपणाचे वाटते: चेंडू उजवीकडे वळतो, तर सुरुवातच डावीकडून करा. पण पाय आणि खांदे डावीकडे वळवले की क्लबचा मार्ग आणखी बाहेरून आत येतो, उघडा फेस आणि तो मार्ग यांच्यातला कोन वाढतो, आणि चेंडूचे वळण याच कोनातून जन्माला येते. मी जितका डावीकडे रोख धरत गेलो, तितका चेंडू अधिक उजवीकडे वळत गेला. चेंडू स्विंगच्या मार्गाने सुटतो आणि फेसच्या दिशेने वळतो, असे जुने लोक शिकवत. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारख्या रडारयंत्रांनी दाखवून दिले की चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः फेस ठरवतो. ही यंत्रे गोल्फमध्ये येऊन दोन दशके झाली, तरी मला पढवला गेला तो जुनाच नियम, आणि तोही अशा आवाजात की उलट प्रश्न विचारण्याची सोय राहू नये.

दुकानदाराने तर डावीकडे झुकाव असलेला नवा ड्रायव्हर माझ्या गळ्यात मारला. त्याने वळण थोडे कमी झाले, हे खरे. हात तेच राहिले, मोजाही त्याच जागी फाटत राहिला.

कॅडीच्या त्या एका वाक्यानंतर मी हँडल डाव्या हाताच्या बोटांत तिरके ठेवायला लागलो, तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत, आणि तळव्याचा मांसल भाग वरून टेकवला. आता मला वरून दोन-तीन नकल दिसतात, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला व्ही उजव्या खांद्याकडे रोखलेला असतो, आणि उजव्या तळव्याची खोबण डाव्या अंगठ्यावर बसते. पहिले आठ दिवस हात परक्याचे वाटले. चेंडू सरळ डावीकडे जाऊ लागले, आणि इथेच बहुतेक जण घाबरून जुन्या ग्रिपवर परततात. पण त्या डावीकडच्या चेंडूंनीच मला खरे सांगितले: फेस आता बंद होत होता आणि माझ्या स्विंगच्या मार्गातला दोष आता दिसू लागला होता. इतके महिने उजवीकडे जाणारा चेंडू डावीकडे ओढण्यासाठी मी उजवा खांदा पुढे फेकायला शिकलो होतो. ग्रिप सुधारल्याशिवाय ती सवय सुटणे शक्यच नव्हते, कारण तोवर शरीराला तिची गरज होती.

आता मी रोज सकाळी चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, चार बोटे बाहेर आणि वीतभर मागे, पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवतो आणि सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे मध्यम अंतराच्या क्लबने, अर्धाच स्विंग करतो. खांदा पुढे फेकला की बाटली उडते. आधी वजन डाव्या पायावर गेले आणि पाठ क्षणभर जास्त लक्ष्याकडे राहिली, तर क्लब आतून येतो आणि बाटली जागेवर राहते. पहिल्या दिवशी वीसपैकी सतरा वेळा उडाली. काल वीसपैकी पाच वेळा. या सगळ्याला एक बाटली लागली आणि तीही कचऱ्यात जाणारी होती.

परवा मी ते फाटलेले पाचही मोजे पिशवीत घालून कोचकडे गेलो आणि त्याच्यासमोर टेबलावर मांडले. त्याने एक उचलून पाहिला आणि म्हणाला, “हो, तुमची ग्रिप सुरुवातीपासून वीकच होती.” मग सांगितले का नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, “ग्रिप बदलायला सांगितली की महिनाभर खेळ बिघडतो, लोक नाराज होतात आणि येणे बंद करतात. तुम्हीही बंद केले असते.” अठरा महिने त्याला ठाऊक होते. तो आगेवाला झाडाशी डोके धरून बसला, त्या दिवशीही त्याला ठाऊक होते. मी मोजे पिशवीत भरले आणि उरलेल्या सहा तासांचे पैसे परत मागितले. ते अजून आलेले नाहीत.