मासे आले, पण कोणते?

‘नदीत पुन्हा मासे दिसू लागले, म्हणजे पुनरुज्जीवन यशस्वी झाले’ हे नदी पुनरुज्जीवनावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला मुळीच पटलं नाही. कोणते मासे, ते सांगा ना! आमच्याकडे गाळ काढल्यावर पुलाखाली माशांची झुंबड दिसायची, लोक फोटो काढायचे. गळाला लागायची ती सगळी चिलापी, म्हणजे बाहेरून आणलेला तिलापिया मासा. ती घाण पाण्यातही तग धरते. मळ्या हा आपला इथला छोटा मासा मात्र वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून त्यावरचं शेवाळ खरवडून खातो. जेसीबीने दगडगोटे उचलून पात्र सपाट केलं, की त्याचं घरच गेलं.

पुण्यात तुलना करायला आधारही आहे. माशांचे अभ्यासक फ्रेजर यांनी १९४२ सालीच इथल्या माशांची यादी छापली आहे. तिच्यातले किती परत आले, हे दरवर्षी त्याच जागी, त्याच ऋतूत मोजायला हवं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू भर दुपारी मोजून काय कळणार? तो पहाटे सगळ्यात कमी असतो, तेव्हा मोजा. आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तेव्हा त्यांना बंधारा ओलांडता येतो का, हे कुणीतरी तिथे उभं राहून बघा. कामाच्या निविदेतच पुढच्या पाच वर्षांच्या मोजणीचे पैसे धरले पाहिजेत.