दहा हजार पुस्तकं हवीत म्हणे!

आज ग्रंथालय समितीची बैठक झाली आणि तेव्हापासून डोकं तडकलंय. विषय एकच होता, शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं किती असावीत. चहा येईपर्यंत ठरलंसुद्धा. दहा हजार. का दहा हजार? तर आकडा गोल आहे आणि माहितीपत्रकात शोभून दिसतो. आमची मुलं साधारण पाचशे. मी विचारलं, कोणती दहा हजार? त्यावर एक सदस्य म्हणाले, "मॅडम, ते नंतर बघू. आधी आकडा तर गाठू."

नंतर बघू!

मला त्या क्षणी आठवीतला तो मुलगा आठवला. अडखळत वाचायचा, जोडाक्षर आलं की थांबायचा. वर्ग ग्रंथालयात आला की हा कपाटांच्या मागे जाऊन उभा, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्याला गाड्यांबद्दल वाचायचं होतं. इंजिन कसं चालतं, ब्रेक दाबला की नेमकं काय होतं. तेव्हा आमच्या दाखल रजिस्टरवर सहा हजारांच्या वर पुस्तकं होती. मी त्याच्याबरोबर पहिल्या कपाटापासून शेवटच्या कपाटापर्यंत फिरले. एकीकडे ससा-हत्तीची पुस्तकं, ती हातात घेतली असती तर वर्ग त्याला हसला असता. दुसरीकडे बारीक टायपातले अभियांत्रिकीचे ठोकळे, कुठल्याशा कॉलेजने काढून टाकलेले आणि आम्ही कौतुकाने दाखल करून घेतलेले. मधलं काही नाहीच. पोरगा रिकाम्या हाताने वर्गात गेला.

आता आकडाच नको असं मी म्हणत नाही. आकडा असला की पैसे मागता येतात, एवढं मान्य. इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्को यांच्या २००२ च्या शालेय ग्रंथालय मार्गदर्शिकेत दर विद्यार्थ्यामागे १० पुस्तकं सांगितली आहेत, आणि शाळा कितीही लहान असली तरी किमान २,५००. ही दुसरी अट मला फार शहाणपणाची वाटते. ऐंशी मुलांच्या शाळेला दहाच्या हिशेबाने आठशे पुस्तकं पुरावीत, पण मुलं कमी म्हणून डायनासोर कमी होत नाहीत. इयत्ता तेवढ्याच, विषय तेवढेच, कुणी भराभर वाचणारं, कुणी अडखळणारं. आणि ती २,५०० उपयोगाची आणि अद्ययावत हवीत, हेही तिथेच लिहिलंय. ते मात्र कुणी वाचत नाही.

म्हणजे आम्हाला पाच हजार पुरतात. समजा एक पुस्तक दहा वर्षं टिकलं (मुलांच्या हातात टिकत नाही, पण समजा), तर पाच हजारांचा संग्रह आहे तसा राखायलाच वर्षाला ५०० नवी पुस्तकं लागतात. दहा हजारांना १,०००. दरवर्षी. हे मी बोलले तेव्हा सगळे एकदम आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. कारण पैसे एकदाच मिळणार आहेत. उरलेला आकडा भरायचा देणग्यांनी.

देणग्यांचं सांगू? प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून काढलं. आमच्या कपाटात तो अजून नववा ग्रह म्हणून फिरतोय, एकाच देणगीतल्या तीन-तीन पुस्तकांत. बाद करायला काढली तर उत्तर काय, "असू द्या हो, संख्या कमी होते."

पण एक आजोबा आठवतात. स्वतः खोकी उचलून घेऊन आले होते. प्रत्येक पुस्तकाला कव्हर, आत सुरेख अक्षरात विकत घेतल्याची तारीख. पुस्तकं उत्तमच होती, फक्त शाळेतल्या मुलांची नव्हती. त्यांना नाही म्हणताना गळा दाटून आला. त्यांच्यावर माझा राग नाहीच. राग आहे तो, येईल ते दाखल करून टाका म्हणणाऱ्यांवर.

आणि वर मला रंगनाथनांचा, म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या जनकांचा, दाखला देतात! त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी तिसरं, प्रत्येक पुस्तकाला वाचक. म्हणून काही काढायचं नाही. बरं, मग दुसऱ्या सूत्राचं काय, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक? चौथ्याचं काय, वाचकाचा वेळ वाचवा? तो मुलगा आणि मी सहा हजार पाठकण्यांवरून नजर फिरवत होतो, तेव्हा कुणाचा वेळ वाचत होता? मोठ्या संग्रहात एखाद्या जगावेगळ्या आवडीच्या पोराला काहीतरी सापडून जातं, हे खरं आहे. पण ढिगाच्या तळाशी असेल तर त्यालाही नाही सापडत.

त्याच मुलामुळे मी पुढच्या वर्षी कपाटं उपसायला घेतली. चुकीची माहिती देणारी, फाटकी, जुन्या आवृत्तीची, सुमार, आमच्या मुलांच्या कामाची नसलेली आणि दुसरीकडे सहज मिळणारी. या सहा कसोट्या काही माझ्या नाहीत, अमेरिकेतले ग्रंथपाल कित्येक दशकं वापरताहेत. याद्या, सह्या, पुन्हा याद्या. जीव नकोसा झाला. पण शेवटी जागा झाली आणि थोडी नवी पुस्तकं आली: मोठा टाइप, छोटे परिच्छेद, खरे फोटो, विषय मात्र मोठ्या मुलांचे. त्यातलं गाड्यांचं पुस्तक त्याने नेलं. परत आणायचा आणि पुन्हा स्वतःच्याच नावावर घ्यायचा. मग एक दिवस मित्राला घेऊन आला, तोही कपाटामागे लपणाऱ्यांतलाच.

संग्रह चार हजारांवर आला आणि पुस्तकांची देवघेव वाढली. त्या वर्षी मला विचारलं काय गेलं? "पुस्तकं कमी कशी झाली?"

सगळं स्क्रीनवर मिळतं म्हणणाऱ्यांनी आज कमेंट करू नये. थोडंफार मिळतं, ठीक आहे.

उद्या समितीला लेखी देणार आहे. पाच हजार, त्याहून एक जास्त नको. अडखळत वाचणाऱ्या मोठ्या मुलांसाठी पुरेशी पुस्तकं, आणि तीही इतरांच्या रांगेतच, वेगळी पाटी लावून नाही. दरवर्षी खरेदीची तरतूद, आणि त्याच बैठकीत बाद यादीवर सह्या. नाही म्हणाले तर तसं इतिवृत्तात लिहून द्या म्हणणार आहे.